सुराचा सातबारा

(मिरजेतल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पहिल्याच रांगेत सतारमेकर गल्लीतली मंडळी बसलेली दिसतायत. त्यांच्यासमोर तारेच्या वाद्याबद्दल बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. तरी बोलणार, कारण हा विषय जवळजवळ चाळीस वर्षं माझ्या डोक्यात घोळतोय. दुकानात अॅम्प्लिफायर उघडून बसलो आणि समोर ऐकणारं माणूस असलं, की मी हाच विषय काढतो.

प्रश्न साधा आहे. एखादा गिटारवादक दोन सूर वाजवतो आणि आपण डोळे मिटून सांगतो, हा अमुक. तो आवाज म्हणजे त्याची सहीच. या सहीचा मालक कोण? गावाकडच्या भाषेत विचारतो, त्या सुराचा सातबारा कुणाच्या नावावर? आज मी क्वीन या इंग्लिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचा सातबारा तुमच्यासमोर वाचणार आहे, ओळ न् ओळ. वरची नावं वाचूच, पण खालचा ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचू. जमिनीचा व्यवहार करणारा प्रत्येक जण तो रकाना आधी बघतो. संगीतात तो कुणी बघत नाही, ही माझी तक्रार आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

गिटारवाल्यांत एक वाक्य फार चालतं: टोन बोटांत असतो. आपण हाताची चव म्हणतो, तसंच. पुराव्यादाखल एक किस्सा सांगतात. टेड न्यूजंट हा अमेरिकन गिटारवादक एकदा एडी व्हॅन हेलन या दुसऱ्या गिटारवादकाची गिटार घेऊन त्याच्याच अॅम्पवर वाजवायला लागला, तर आवाज निघाला तो न्यूजंटचाच. न्यूजंट स्वतःच हे सांगत आलाय. मी ते खरं धरतो. हाताची चव असतेच. पण माझी आई मुंबईला मावशीकडे गेली की तिच्याच हातची आमटी तिथं तशी होत नसे. ती म्हणायची, इथलं पाणी वेगळं आहे रे. म्हणजे हाताची चव म्हणताना आपण पाणी, डाळ, चूल आणि मसाला कुटणारी बाई या सगळ्यांना एका शब्दात गुंडाळून टाकतो.

आणि बोटांचंच म्हणाल, तर टोनी आयोमीकडे बघा. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय सतरा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, बॅन्जोच्या बारीक तारा चढवल्या, आणि पुढं गिटार खालच्या सुरात लावायला लागला. तो जड, काळा आवाज असा घडला. बोटांत टोन असतो म्हणणाऱ्यांनी या बोटांचा विचार करावा.

आता माझी गोष्ट. मला ती सांगायचीच आहे, थोडी लांबेल.

१९८६ साल. मी अकरावीत होतो. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता. माझ्याकडे चुलतभावाची जुनी गिटार, तिच्या भोकात अडकवलेला पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून अॅम्पकडे पाठवणारा तुकडा, आणि प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला बारा इंची स्पीकर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात कार्यक्रम होता. टेंपोत सामान भरताना एका पोरानं लोखंडी खुर्च्या थेट त्या खोक्यावर टाकल्या. खुर्चीचा पाय जाळीतून आत घुसला. उतरवून बघितलं तर स्पीकरचा कागद एका बाजूला तळहाताएवढा फाटलेला. दुसरा स्पीकर आणणार कुठून? तसाच लावला.

पहिला सूर वाजवला आणि माझ्या अंगावर काटा आला. मांजरपाट टरकावताना येतो ना, तसा आवाज. पण आत सूर शाबूत, आणि लांबतोय. माझी गिटार टिचकी मारल्यासारखी वाजून विझायची, ती आता शहनाईसारखी धरून ठेवत होती. गाणं संपल्यावर ढोलकीवाले काका माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘काय लावलंयस रे हे? परत लाव.’’ मंडपातूनही तेच, परत लाव. त्या दहा दिवसांत पंचक्रोशीत मला ‘फाटका गिटारवाला’ म्हणायला लागले. मुलं पुढं येऊन माझ्या बोटांकडे टक लावून बघायची. मंडळी, बोटांकडे! खोक्याकडे एकानंही बघितलं नाही.

अनंत चतुर्दशीनंतर मंडळाच्या खजिनदारांनी मोठ्या मायेनं, पदरचे पैसे घालून स्पीकरला नवा कागद बसवून आणला. मी वाजवला. आवाज स्वच्छ, गोल आणि माझ्या लेखी मेलेला. रात्री मी ब्लेड घेतलं आणि तो नवा कागद त्याच जागी, तेवढाच फाडला. तो आवाज आला नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की १९६४ साली लंडनमध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं असाच ब्लेडनं स्पीकर चिरला होता आणि त्याला हवा तो आवाज मिळाला होता. मला का मिळू नये?

खोकं घेऊन मी रिपेअरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांना ओशाळत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी टाकून दिलेला जुना कागद कचऱ्याच्या टोपलीतून काढला आणि त्याची कॉइल, म्हणजे कागदामागचं तारेचं वेटोळं, माझ्या नखाखाली धरली. एका बाजूची तार घासून लख्ख तांबडी झाली होती. म्हणाले, ‘‘बेटा, आवाज फाटक्या कागदाचा नव्हता. खुर्चीच्या दणक्यानं कॉइल तिरकी झाली होती, लोखंडाला घासत होती.’’ मग दुसरा एक स्पीकर घेतला, दोन बोटांनी कागद तिरका दाबला, आणि माझं डोकं धरून कान जवळ नेला. खर्र... खर्र... तोच! मी त्या दिवशी तिथंच बसलो. आज जे चार पैसे मिळवतो ते त्या दुपारमुळे.

आता तुम्हीच सांगा, तो आवाज कुणाचा? माझा? खुर्च्या फेकणाऱ्या पोराचा? ‘परत लाव’ म्हणणाऱ्या काकांचा? तेव्हापासून मी हा हिशोब करतोय.

मोठ्या जगातही असंच घडलंय. १९६१च्या सुमारास, अमेरिकेतलं नॅशव्हिल. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. रेकॉर्डिंगच्या कन्सोलच्या ज्या चॅनलमधून त्याचा आवाज जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सुराऐवजी घरघर बाहेर पडली. ती रेकॉर्डवर तशीच ठेवली गेली, आणि गाणं गाजलं. रेकॉर्डिस्ट होता ग्लेन स्नॉडी. या माणसाबद्दल मला फार प्रेम आहे. त्यानं तो बिघाड अभ्यासला आणि ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम तोच आवाज देणारी पेटी तयार केली. १९६२ मध्ये ती मॅस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आली.

पुढं बघा. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या बँडच्या कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरुवात त्या पेटीतून वाजवली. पण त्याला तिथं ब्रास, म्हणजे फुंकायची पितळी वाद्यं, हवी होती. ब्रासची सुरावट कळावी म्हणून त्यानं फझवर नुसती खूण करून ठेवली होती. बाकीच्यांनी ठरवलं, हेच बाहेर काढायचं. जगातल्या सगळ्यांत ओळखीच्या गिटार आवाजांपैकी एक, आणि ज्याच्या नावावर तो लागलाय त्यालाच नको होता!

पुढच्या रांगेतली मंडळी म्हणतील, आमच्याकडे असं अपघातावर चालत नाही. बरोबर आहे. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातले, या गावात तंबोरे घडवायला लागले. तेव्हापासून इथं जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून सुराला आणलेली गुंज, ही डोळ्यांदेखत लावायची गोष्ट आहे. मी एकदा जवारी काढताना तासभर बघत बसलो होतो. कानशीचे दोन हात, की तार चढवून ऐकणं. पुन्हा तार उतरवून दोन हात. घोडीवर पडलेला भुगा फुंकरीनं उडून जाईल एवढाच. शेवटी तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढं सरकवला आणि आतापर्यंत मुका असलेला षड्ज अचानक खोलीभर पसरला. त्या तंबोऱ्यासमोर बसून गाणाऱ्याची वाहवा होते, आणि तो नखाचा धनी कुठल्याच निवेदनात नसतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला वाटलं, चला, इतर हक्कात एक नोंद तरी झाली. माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचं तर एका कॅसेटसाठी दोन रात्री जागून मी अॅम्प बांधून दिला होता. कॅसेटच्या वेष्टनावर गाडी पुरवणाऱ्याचं नाव छापलं, अॅम्प बांधणाऱ्याचं नाही. कोण, ते सांगत नाही. पण ते वेष्टन मी अजून जपून ठेवलंय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरेच्चा, ब्रायन मे तर सुरूच झाला नाही.

भराभर सांगतो. १९६३ मध्ये ब्रायननं आणि त्याच्या वडिलांनी, हॅरॉल्ड मे यांनी, घरीच गिटार बांधायला घेतली. विकत घ्यायला पैसे नव्हते. दोनेक वर्षं लागली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची. त्यात किड्यांनी पाडलेली भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. तारा सैल करायच्या दांडीला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्यांची बटणं. पिकअप मात्र बर्न्सचे, विकतचे, पण प्रत्येकाला वेगळा स्विच आणि फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटवायचा आणखी एक. म्हणजे पहिली नोंद: बाप-लेक, सामाईक. आईचं नाव बटणांपुरतं तरी लिहाच.

अॅम्प व्हॉक्स एसी ३०, डिक डेनीनं आखलेला. पण अॅम्पच्या आधी एक छोटी पेटी लागते, ट्रेबल बूस्टर, आवाजाची वरची धार वाढवणारी. ती कशी कळली? रोरी गॅलाघर या आयरिश गिटारवादकाचा कार्यक्रम संपल्यावर पोरसवदा ब्रायन त्याच्याकडे गेला आणि विचारलं, हा आवाज कसा काढता? गॅलाघरनं सरळ सांगून टाकलं, अॅम्प हा, पेटी ही. काही लपवलं नाही. दुसरी नोंद: गॅलाघर. असा दिलदारपणा आपल्या घराण्यांत किती होता, ते पुन्हा कधीतरी.

तिसरी नोंद माझी लाडकी. बँडचा बेसवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडलं. त्यानं ते छोट्या स्पीकरच्या डब्यात बसवलं, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा नाही. ब्रायननं त्यात गिटार लावली आणि व्हायोलिन-तुताऱ्यांसारखा आवाज आला. १९७५च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मध्ये शेवटी जे ब्रिटनचं राष्ट्रगीत आहे, त्यातली गिटारांची फौज त्या डब्यातून आलेली आहे. त्या अल्बमच्या वेष्टनावर त्यांनी छापलं होतं, यात सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर बनवणारं वाद्य, नाही. आपला आवाज दुसऱ्याच्या नावावर लागू नये याची किती काळजी! (याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या साताऱ्याच्या पाचगणीत शाळेला होता. मला त्यावरही बोलायचं होतं. राहिलं.)

मग ब्रायनकडे काय उरलं? माझ्या मते मालकी त्याचीच. आपल्याकडे म्हणतात ना, कसेल त्याची जमीन. ग्रेडी मार्टिनच्या हाती आवाज आयता आला आणि गेला. मला मिळाला, मी दहा दिवस भोगला, राखू शकलो नाही. रिचर्ड्सनं तो नाकारला, आणि पुढं सहावी तार काढून पाच तारांवर स्वतःचा वेगळा मळा फुलवला. तो नक्कीच त्याचा. ब्रायननं मात्र ऐकलं, ओळखलं आणि साठ वर्षं त्याच गिटारवर त्याच आवाजाची मशागत केली. कचऱ्यातल्या डब्यातून निघालेल्या घरघरीत व्हायोलिन ऐकणारा कान त्याचा होता. म्हणून भोगवटादार तो. पण हॅरॉल्ड, गॅलाघर, डीकन ही नावं इतर हक्कात असल्याशिवाय उतारा पुरा होत नाही, आणि अर्धा उतारा घेऊन मी कुणाशी व्यवहार करणार नाही.

शेवटचं एक, आणि ते बोलून भागणार नाही. ब्रायन प्लास्टिकच्या प्लेक्ट्रमनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं, वाजवत नाही, सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. त्याच्या कडेच्या खाचा तारेला घासतात. माझ्याकडे ते नाणं नाही, ही आपली जुनी पावली आहे, हिलाही खाचा आहेत. हे ऐका, प्लास्टिकनं. (तार छेडतात.) आणि आता पावलीनं, तीच तार. (छेडतात.) ‘स्’ ऐकू आला? सुराच्या आधी, काडी पेटल्यासारखा?

आता जवारीवाले, तुम्ही या वर. हो, तुम्हीच. गिटार कधी धरली नसेल तर उत्तमच. ही पावली घ्या. मी अॅम्पला हात लावत नाही, तुम्ही याच तारेवर वाजवा. बाकीच्यांनी डोळे मिटा.