चिमूटभर युरिया

[पाषाण, जुलै. खिडकीच्या काचेवर पावसाचे ओघळ.]

या दिवसांत पुण्यात पापड वाळत नाहीत, बरणीतलं मीठ ओलं होतं. आणि याच हवेत, इथल्या एका प्रयोगशाळेत, ओल अजिबात न सोसणारा पदार्थ काचेवर चढवायचा खटाटोप चालू आहे.

त्याचं नाव पेरोव्हस्काइट: एका ठरावीक रचनेचा स्फटिक. सोलर सेलसाठी, म्हणजे उन्हाची वीज करायला, वापरतात त्यात शिसं असतं, आयोडिन असतं. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने त्याचा सेल केला, तेव्हा उन्हातल्या ऊर्जेपैकी ३.८ टक्क्यांचीच वीज झाली. आज प्रयोगशाळेतले सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. नेहमीच्या सोलर पॅनेलमधलं सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांच्या वरची भट्टी लागते. पेरोव्हस्काइटचा थर साधारण १०० अंशांच्या हॉटप्लेटवर तयार होतो.

अडतं ते ओलीपाशी. पाणी शिरलं की स्फटिक मोडतो, मागे पिवळं लेड आयोडाइड उरतं. म्हणून हे काम नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून करतात. अशी पेटी किती कॉलेजांना परवडणार? आणि उद्या मोठमोठ्या काचा काढायच्या, तर अख्खा कारखाना पेटीत बसवायचा का? मला तरी या संशोधनातला हाच खरा प्रश्न वाटतो.

[जवळून: फिरत्या चकतीवर बोटभर काच. पिवळसर द्रावणाचा थेंब.]

ही पहिली काच. नुसतं पेरोव्हस्काइटचं द्रावण. हॉटप्लेटवर ठेवली की बघता बघता पिवळ्याची काळपट तपकिरी होते. पण उजेडासमोर धरा: टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं. स्फटिक घाईघाईने, जागा मिळेल तिथे जमले. या भोकांतून वरचा थर खालच्याला टेकतो आणि वीज आतल्या आत वाया जाते.

आता दुसरी. द्रावण तेच, फक्त त्यात चिमूटभर युरिया. हो, मुळशी-मावळच्या भातखाचरात टाकतात तोच. इथला जास्त शुद्ध, एवढंच. युरियातला ऑक्सिजन शिशाला धरून ठेवतो, स्फटिक एकदम जमू देत नाही. खडीसाखर करणाऱ्याला हे ठाऊक असतं: पाक सावकाश निवला तर खडे मोठे होतात. इथेही कण मोठे, म्हणून त्यांच्यातले सांधे कमी. ओल शिरते ती बहुतेक या सांध्यांतूनच. उरलासुरला युरिया तिथेच बसतो आणि इलेक्ट्रॉन अडकायच्या जागा बुजवतो. प्रमाण मात्र नेमकं हवं; जास्त पडला तर थरच बिघडतो.

द्रावणात असे इतर मदतनीसही घालतात. थायोयुरिया हे युरियाचं भावंड; त्यातलं गंधकही शिशाला असंच धरतं. मिथाइलअमोनियम क्लोराइड नावाचा क्षार स्फटिक वाढवतो आणि तापवताना बराचसा उडून जातो.

शिसं विषारी असतं, तो प्रश्न यातून सुटत नाही. टिकाऊपणाचाही नाही, छतावरचं सिलिकॉनचं पॅनेल पंचवीस वर्षं काढतं.

[दुसरी काच खिडकीपाशी. तिच्यात बाहेरचं झाड स्पष्ट दिसतं.]

ही काच आता पेटीत जाणार नाही. उघड्या टेबलावर राहील, रोज सकाळी मोजली जाईल. वहीत पहिला आकडा लिहून झालाय. बाहेर पाऊस अजून थांबलेला नाही.