सगळ्या पुण्याच्या ॲन्टेना सिंहगडाकडे का होत्या? मुंबई दूरदर्शनची गोष्ट

नमस्कार मंडळी!

पन्नाशी ओलांडलेल्या कुणाही पुणेकराला विचारून बघा, लहानपणी तुमच्या घराची ॲन्टेना कुठल्या दिशेला होती? क्षणाचाही विचार न करता उत्तर येईल, सिंहगडाकडे! पेठेतला वाडा असो नाहीतर डेक्कनवरचा बंगला, छपरावरच्या त्या ॲल्युमिनियमच्या काड्या गडाकडेच तोंड करून उभ्या असायच्या.

आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, मालकांकडे. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकतं दार. संध्याकाळी ते दार सरकवण्याचा मान मालकीणबाईंचा. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर, बायका मागे, पुरुष दारात उभे. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग माझा थोरला भाऊ कौलांवर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! थोडं डावीकडे घे!"

तर हे चित्र गडावरून का यायचं, तिथूनच सुरुवात करू.

टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. आकाशवाणीच्या मध्यमलहरींसारख्या त्या डोंगर ओलांडून दूरवर पोहोचत नाहीत. म्हणून वरळीला दूरदर्शनचा तो उंच मनोरा उभा राहिला, जवळपास ३०० मीटरचा. दादर-वरळीकडून जाताना आजही तो नजरेत भरतो. पण मनोरा कितीही उंच असला तरी मुंबई आणि पुण्याच्या मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. मग पुण्यासाठी १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं. मुंबईचे कार्यक्रम गडावर यायचे आणि तिथून खाली शहरावर पसरायचे. पुण्याचा स्वतःचा स्टुडिओ नव्हता, आम्ही मुंबईच बघत होतो.

आता मुंबईकडे येऊ. तारीख लक्षात ठेवा, २ ऑक्टोबर १९७२. मुंबई केंद्र सुरू झालं तो दिवस. दिल्लीत टीव्ही प्रायोगिक स्वरूपात १९५९ सालीच सुरू झाला होता. त्यानंतर तब्बल तेरा वर्षं देशात दुसरं केंद्र नव्हतं. दुसरं झालं ते मुंबईचं. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. दूरदर्शन वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. मुंबई केंद्राची घडी बसवली पी. व्ही. कृष्णमूर्ती यांनी, आणि हेच गृहस्थ पुढे दूरदर्शनचे पहिले महासंचालक झाले. आकाशवाणीत मुरलेला माणूस. मला वाटतं, त्या केंद्राला कान आधी होते आणि डोळे नंतर आले, म्हणून तिथली भाषा इतकी स्वच्छ होती.

प्रक्षेपण म्हणजे संध्याकाळचे मोजके तास. चित्र कृष्णधवल. वाहिनी एकच. पण आज मला जे तळमळीने सांगायचंय ते वेगळंच आहे. या केंद्राला आपण कुणाशी बोलतोय हे पक्कं ठाऊक होतं. कार्यक्रमांची नावं नुसती आठवा. प्रत्येक नावामागे एक माणूस बसलेला दिसतो.

'आमची माती आमची माणसं' कुणासाठी? शेतकऱ्यासाठी. मुंबईसारख्या शहराच्या मनोऱ्यावरून संध्याकाळी पेरणी, खतं, फळबागा, कीड यांवर बोललं जायचं. तिकडे 'कामगार विश्व' गिरणगावासाठी. मुलांना 'किलबिल'. गुजराती भाषकांना 'आवो मारी साथे'. इंग्रजीवाल्यांसाठी साबिरा मर्चंट शब्दांचा खेळ घ्यायच्या, आणि हिंदीत तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', जे १९७२ पासून पुढे वीसेक वर्षं चाललं. एकाच पडद्यावर अख्खी मुंबई आळीपाळीने बसत होती. आमच्या वाड्यातल्या आज्यांना गुजरातीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या उठायच्या नाहीत. दार बंद होईपर्यंत बघायचंच.

आणि 'ज्ञानदीप'! इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या कार्यक्रमाबद्दल फार कमी बोललं जातं. आकाशानंद त्याचे निर्माते. कार्यक्रम संपला, टीव्ही बंद, असं तिथे नव्हतं. बघणाऱ्यांनी गावोगावी 'ज्ञानदीप मंडळं' काढली. लोक एकत्र बसून कार्यक्रम बघायचे, त्यावर बोलायचे, पत्रं पाठवायचे, आपल्या भागात कामं उभी करायचे. विचार करा, मोबाइल सोडा, गल्लीत फोनसुद्धा एखाद्याच घरात होता, त्या काळात टीव्हीचा प्रेक्षक स्वतःची संघटना उभी करत होता. पोस्टकार्डावर! मी आज कॅमेऱ्यासमोर बसून "खाली लिहा" म्हणतो ना, त्याची मुळं मला तिथे दिसतात.

आता नाटक. मुंबईचं मराठी नाटक वरळीपासून फार लांब नव्हतं. शिवाजी मंदिर, रवींद्र नाट्यमंदिर, साहित्य संघ. संध्याकाळी प्रयोग असलेला नट दुपारी स्टुडिओत येऊन जाऊ शकत होता. 'गजरा'मधून छोट्या छोट्या नाटुकल्या एका धाग्यात ओवलेल्या असायच्या, आणि त्यामागे विनय आपटे यांच्यासारखा रंगभूमीतूनच आलेला निर्माता. 'नाट्यावलोकन'मध्ये नव्या नाटकांची ओळख व्हायची. ज्यांना शिवाजी मंदिरचं तिकीट परवडत नव्हतं, त्यांनाही कुठलं नाटक चाललंय हे ठाऊक असायचं.

विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचा 'चिमणराव' पडद्यावर आणला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुस्तक वाचलेल्यांच्या डोक्यात चिमणराव आधीच तयार होता, त्यामुळे जोखीम मोठी. पण पहिल्या काही भागांतच लोकांनी हाच चिमणराव म्हणून मान्य करून टाकला. नंतर रस्त्यात लोक बाळ कर्व्यांना गुंड्याभाऊच म्हणायचे.

बातम्यांचं काय सांगू! डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, भक्ती बर्वे. प्रदीप भिडे १९७४ पासून बातम्या वाचत होते, तो आवाज चार दशकं घराघरात होता. २०२२ साली ते गेले तेव्हा माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांना कधीच भेटली नव्हती. आणि स्मिता पाटील. सिनेमात येण्याआधी ती इथे बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बातमीदारांचा ताफा नाही, मागे चमकणारे पडदे नाहीत. टेबल, कागद आणि शुद्ध उच्चार.

मध्येच चित्र जायचं. मग पाटी यायची, 'व्यत्यय'. आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांनी हा जोडाक्षरांचा शब्द शाळेत नाही, टीव्हीवर वाचायला शिकला. ती पाटी आली तरी कुणी जागचं हलायचं नाही.

मग बदललं काय?

१५ ऑगस्ट १९८२. दिल्लीहून सगळ्या देशासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगही आले. रात्रीची जेवणाच्या सुमाराची वेळ, म्हणजे सगळं घर एकत्र असायचं ती वेळ, दिल्लीकडे गेली. १९८४ साली 'हम लोग', १९८७ साली 'रामायण'. ते आम्हीही जीव टाकून बघितलं, त्यात खोटं काही नाही. पण मुंबई केंद्राच्या वाट्याला उरली ती त्याआधीची संध्याकाळ. केंद्र तेच, माणसं तीच, वेळ मात्र हातातून गेली. मराठी कार्यक्रमांचा कस कमी झाला म्हणून प्रेक्षक गेला असं लोक सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. आधी वेळ गेली, मग प्रेक्षक.

नव्वदीत उपग्रहामुळे मराठी वाहिनी मनोऱ्याच्या टापूबाहेर, सगळ्या महाराष्ट्रात पोहोचली. २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळालं. जो डोंगर आडवा आला म्हणून सिंहगडावर केंद्र बांधावं लागलं, त्याच डोंगराचं नाव! 'दामिनी'सारखी रोजची मालिका इथेच लोकांच्या अंगवळणी पडली. पण तोवर १९९९ साली अल्फा मराठी ही खासगी वाहिनी आली होती, पाठोपाठ ई टीव्ही, आणि खेळ सगळा बदलला. सह्याद्री आजही चालू आहे, डीडी फ्री डिशवर फुकट दिसते. जुनी ॲन्टेनावरची ॲनालॉग प्रक्षेपणं मात्र आता इतिहासजमा झाली.

शेवटी एक काम सांगतो, आणि हे मनापासून सांगतोय. सुरुवातीच्या काळात पुष्कळ कार्यक्रम थेट जायचे. टेप महाग, त्यामुळे एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं. म्हणजे बऱ्याच गोष्टी मागे उरल्याच नाहीत. ऐंशीच्या दशकात मात्र काही घरांमध्ये व्हीसीआर आले आणि लोकांनी घरच्या घरी टीव्हीवरचं उतरवून ठेवलं. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी, मॅचच्या मागे, कुठेतरी 'गजरा'चा एखादा तुकडा असू शकतो.

तर माळ्यावरची ती खोकी खाली काढा. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप फाटेल आणि मशीनही खराब होईल. आधी साफ करून देणाऱ्याकडे न्या, मगच डिजिटल करून घ्या. आणि कुणाच्या आई-वडिलांनी ज्ञानदीप मंडळ चालवलं असेल, तर त्यांना आजच समोर बसवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, मंडळात किती जण होते, कुणाच्या घरी बसायचे, पत्रात काय लिहायचे. मला पाठवा. पुढचा भाग त्यांच्याच आवाजात करू.