पोरांना शेतीचा गेम आवडतो, शेती का नाही?

राम राम मंडळी!

पोरगं रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर शेतीचा गेम खेळतं, आणि सकाळी वावरात चल म्हटलं की तोंड वाकडं करतं. ही तक्रार अमळनेरला ऐका, शिरपूरला ऐका, सारखीच. आणि निकालही ठरलेला: ‘यांना कष्ट नकोत.’

मला नाही पटत. गेममध्ये कष्ट काय कमी आहेत? 2009 साली फेसबुकवर फार्मव्हिल नावाचं शेतीचं गेम आलं. त्यात स्ट्रॉबेरी 4 तासांत तयार व्हायची आणि वेळेवर तोडली नाही तर वाळून जायची. भलीभली नोकरदार माणसं त्यासाठी गजर लावायची! ते 2020 च्या शेवटी बंद झालं. पण 2008 पासून चाललेला दुसरा शेतीचा गेम, फार्मिंग सिम्युलेटर घ्या. नांगरट, पेरणी, खत, फवारणी, डिझेल. एका वावरात तासभर ट्रॅक्टरचे नुसते फेरे. आळशी पोरगं हे खेळेल?

मग गेममध्ये असं काय आहे जे आपल्याकडे नाही? माझं म्हणणं, मालाच्या भावाचा भरवसा.

[स्क्रीनवर: भावाचा आलेख]

फार्मव्हिलमध्ये प्रत्येक पिकाचा भाव ठरलेला होता. फार्मिंग सिम्युलेटरच्या 22 नावाच्या आवृत्तीत भाव वरखाली होतो, पण कोणत्या महिन्यात चढतो ते आधीच आलेखात दिसतं. माल ठेवा, तो महिना आला की विका.

आता आपला कापूस बघा. 2022 च्या सुरुवातीला क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी तोच हिशोब धरला आणि कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, पण तो भाव काही परत आला नाही. गेमच्या हिशोबाने त्यांची चाल चुकली नव्हती बरं का. फक्त आलेख कोणी दाखवला नव्हता.

केळीचं तर त्याहून अवघड. रावेर-यावलकडे विचारा. लागवडीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं. एकदा घड तयार झाला की तो भावासाठी थांबत नाही. त्यात बाजार समितीचा जाहीर भाव एक, आणि बांधावर व्यापारी बोलतो तो दुसरा. एखाद्या गेमने हा नियम ठेवला ना, तर लोक दुसऱ्या दिवशी तो मोबाईलमधून काढून टाकतील. पोरगं पळतं ते घामाला नाही, या हिशोबाला.

बरं, दुसऱ्या बाजूने आपली शेतीच गेमसारखी होत चालली आहे. विहिरीच्या मोटरला सिमकार्डवाला ऑटो स्टार्टर बसवला की घरून फोन लावायचा, मोटर चालू. ‘लाईट उनी का?’ (वीज आली का?) म्हणत रात्री साप-बिबट्याच्या भीतीत बांध तुडवणारा माणूस आता खाटेवरून बटन दाबतो. याला मी तरी नाव ठेवणार नाही.

2021 पासून सरकारची ई-पीक पाहणी आली. आपल्याच वावरात जाऊन उभं राहायचं, मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढतं. पोकेमॉन गो हा मोबाईल गेम खेळणारी पोरं रस्त्यारस्त्याने हेच करत फिरत होती, फक्त त्यांना पोकेमॉन, म्हणजे गेममधला प्राणी, मिळायचा.

आणि सगळ्यात पक्का गेम म्हणजे केळीचा हवामानावर आधारित विमा. पारा सलग ठरलेले दिवस ठरलेल्या अंशांच्या वर किंवा खाली राहिला, तर पैसे. नियम साफ आहे. पण पारा मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर, तुमच्या बागेत नाही. मे महिन्यात तुमची पानं करपली आणि तिकडचा आकडा थोडक्यात अलीकडे थांबला, तर विम्याच्या लेखी तुमच्याकडे ऊन पडलंच नाही. म्हणून त्या दिवसांत शेतकरी केंद्राचे आकडे रोज मोबाईलवर बघत बसतो, आणि पारा आणखी चढावा अशी वाट बघतो. स्वतःची बाग जळत असताना!

आता सांगा, त्याच खाटेवर शेजारी बसून गेम खेळणाऱ्या पोराला बापाने काय म्हणून रागवायचं?