कर्नल दाखवतो तो आकडा कशाचा?

मंडळी, मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या इंदुरात गच्चीखालच्या खोलीत काय होतं, ते मी सांगायला नको. पारा चाळिशीवर आणि कूलर नुसता घरघरतोय. अशा वेळी कुणाचा कॉम्प्युटर प्रोसेसरचं तापमान ३१ अंश दाखवत असेल, तर तो आकडा खरा नाही. पंख्याच्या हवेवर गार होणारी वस्तू त्या हवेहून गार होणार कशी? मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, खोटं बोलतो का? तर नाही. त्याच्या हाती जे पडतं, ते तो पुढे करतो. त्याच्या हाती काय पडतं, ते आज बघू.

पडद्यावर ‘सिस’ या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये ‘क्लास’ आणि त्यात ‘एचडब्ल्यूमॉन’ उघडलंय. ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा कर्नलचा भाग, ज्या ज्या उपकरणाचे सेन्सर हाताळतो, त्या प्रत्येकाचा इथे एकेक फोल्डर दिसतो. त्यातली ‘टेम्प-वन-इनपुट’ ही फाइल वाचली: ६२०००. घाबरू नका, हे मिली-अंश आहेत, म्हणजे ६२ अंश सेल्सिअस. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये येतं, वीजवापर तर मायक्रोवॅटमध्ये. कर्नलमध्ये दशांशाचं गणित शक्यतो टाळतात. त्यासाठी लागणारी रजिस्टरं, म्हणजे चिपमधले आकडे ठेवायचे छोटे कप्पे, चालू प्रोग्रामच्या कामात असतात, ती जपून ठेवा, परत भरा, एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून एकक बारीक घेऊन पूर्णांकात भागवलंय.

इंटेलच्या प्रोसेसरचं ‘कोअरटेम्प’ हा ड्रायव्हर बघतो. आणि तिथलं रजिस्टर तापमान सांगतच नाही! कमाल मर्यादेच्या किती अंश खाली आहोत, एवढंच सांगतं. मर्यादा १०० आणि रजिस्टरमध्ये ३८, की ड्रायव्हर वजाबाकी करून ६२ देतो. हा सेन्सर बनवलाय तोच मर्यादेजवळ अचूक राहावा म्हणून, कारण जळण्याआधी वेग कधी उतरवायचा हे प्रोसेसरला त्यावरून ठरवायचं असतं. खालच्या टोकाला थोडाफार चुकला तरी कुणाचं बिघडत नाही. आपले ३१ अंश आले ते तिथून. ‘माझा पीसी २८ वर चालतो’ असे स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण विश्वासही ठेवत नाही. एएमडीकडे तर रायझन १८००एक्सचा ‘टी-कंट्रोल’ हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्तच असतो, तोही मुद्दाम. तो पंख्याचा वेग ठरवण्यापुरता आहे.

खरी मजा व्होल्टेजमध्ये. एलएम-७८ ही मदरबोर्डवरची व्होल्टेज-तापमान मोजणारी जुनी चिप घ्या. तिची झेप साधारण ४ व्होल्टपर्यंत. १२ व्होल्टची लाइन तिला थेट जोडता येत नाही, म्हणून बोर्ड बनवणारा मध्ये दोन रेझिस्टर टाकतो. समजा ३० आणि १० किलोओहमचे. चिपच्या पिनवर ३ व्होल्ट येतात आणि कर्नल ३००० दाखवतो. याला चारने गुणायचं, हे त्याला कळणार कुठून? रेझिस्टर तर बोर्डागणिक वेगळे. म्हणून रिवाजच असा की ड्रायव्हरने पिनवरचं व्होल्टेज सांगावं आणि गुणाकार वरच्या प्रोग्रामने करावा. ‘एलएम-सेन्सर्स’ तो करतो, आपल्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘कम्प्यूट’ ओळीवरून. ही ओळ कुणीतरी तो बोर्ड समोर ठेवून लिहिलेली असावी लागते. नसली, तर १२ च्या जागी ३ बघून माणूस नवा पॉवर सप्लाय घ्यायला जेल रोड गाठतो. चिपच्या तापमानाच्या ज्या पिनला काही जोडलेलंच नाही, तीही बिनधास्त १२७ अंश दाखवते. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आजचा ‘एचडब्ल्यूमॉन-२’ रीबूटनंतर ‘एचडब्ल्यूमॉन-३’ होऊ शकतो. क्रमांकावर विसंबू नका, आतली ‘नेम’ फाइल वाचा. आणि ‘एलएम-सेन्सर्स’मधलं चिपा शोधणारं ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ प्रश्न विचारतं तेव्हा डोळे मिटून ‘यस’ दाबत सुटू नका. शोधताना ते बसवरचे, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या तारांवरचे, एकेक पत्ते खडखडवतं. अशाच शोधाशोधीत पूर्वी काही थिंकपॅड लॅपटॉपांचं ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप, बिघडलं आणि लॅपटॉप सुरूच होईनात.

सॅटा डिस्कचं तापमान हवं असेल, तर २०२० च्या ५.६ कर्नलपासून ‘ड्राइव्हटेम्प’ हा ड्रायव्हर आहे. त्याचं मॉड्यूल कर्नलमध्ये चढवलं की रूट, म्हणजे अ‍ॅडमिन, न होताही आकडा वाचता येतो. प्रोसेसरसाठी उन्हाळ्यात मी ‘टेम्प-वन-क्रिट’, म्हणजे कमाल मर्यादेची फाइल, उघडतो आणि त्यातून ‘इनपुट’ वजा करतो. दुपारी पूर्ण लोडवर हे अंतर दहाच्या आत आलं, की कॅबिनेट उघडून हीटसिंकमधली धूळ झाडायची. आता विचारा, कुणाला काय विचारायचंय ते.