मासा पायाशी, गळ मध्यावर

मंडळी, तलावावर नवशिक्या ओळखायचा असेल तर तो गळ कुठे टाकतो तेवढं बघा. धपधप पावलं टाकत काठाशी येतो, रॉड मागे नेतो आणि अंगातला सगळा जोर लावून आमिष मध्यावर भिरकावतो. मीही कैक वर्षं हेच केलं. मी ज्याच्या मागे असतो तो बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, बहुधा दहा-बारा फुटांवर, लव्हाळ्याशी बसलेला असायचा आणि माझी चाहूल लागताच पसार व्हायचा. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते; पाण्यातली कंपनं तो तिच्याने टिपतो. तेव्हा पहिला गळ पायाशी, दुसरा जरा पुढे. मध्यावर जायची वेळ सहसा येतच नाही.

लार्जमाउथ बास हा दबा धरून बसणारा शिकारी. लांबवर पाठलाग करत बसण्यापेक्षा सावज टप्प्यात येऊ देणं त्याला सोयीचं. जवळ आलं की भलंमोठं तोंड उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. म्हणून तो कडेला सापडतो. कड म्हणजे फक्त काठ नव्हे हं. पाणवनस्पती संपून मोकळं पाणी लागतं ती कड, उथळ तळ एकदम खोल उतरतो ती कड, बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीची रेघ हीसुद्धा कडच. सावलीतून उजेडातलं दिसतं, उजेडातून सावलीतलं दिसत नाही. चिकाच्या पडद्याआडून रस्ता बघावा तसं.

उन्हाळ्यात लोक म्हणतात, ‘ऊन आहे, मासा तळाला गेला असेल.’ खोल तलावात हा अंदाज बऱ्याचदा फसतो. वर गरम, हलकं पाणी. खाली थंड, जड पाणी. दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थराला हवेतला ऑक्सिजन मिळत नाही आणि तळाचा कुजणारा पाला असलेलाही संपवत जातो. गाळाचा आणि कुजक्या पाल्याचा तलाव असेल तर तिथे मासा जगणार कसा? तो त्या सीमेच्या वरच राहतो.

आमिषांवर लोक तासन् तास बोलतात, मी नाही बोलणार. पाणवनस्पती आणि ओंडक्यांच्या गर्दीत टाकायला प्लॅस्टिकचं गांडूळ घ्या, गळाचं टोक त्याच्या अंगात दडवा, म्हणजे वनस्पतीत अडकत नाही. वजन तळाला लागू द्या आणि दोरीकडे बघत राहा. हिसका बसेलच असं नाही. दोरी नुसती बाजूला सरकू लागते.

आता सगळ्यात मोठ्या बासच्या विक्रमाचं सांगतो. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा बास धरला. 2009 च्या जुलैत जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना जेमतेम एक औंस जास्त वजनाचा मिळाला. नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघं बरोबरीत! एवढ्या मोठ्या होतात त्या माद्या. नर लहानच राहतो.

पण घर राखतो तो नर. वसंतात पाणी साधारण 16 अंशांच्या वर गेलं की शेपटीने तळ झाडून बशीसारखा खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते, हा पहारा देतो. त्या दिवसांत जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतो, त्यामुळे गळाला पटकन लागतो. तो पाण्याबाहेर असला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर धाड घालतात. नावात बास असला तरी हा मूळचा सनफिश कुळातला, आणि ब्लूगिलही त्याच कुळातले. भाऊबंदकी पाण्यातही आहे. घरट्यावरचा नर मी मुद्दाम धरत नाही. चुकून लागलाच तर हात ओले करायचे, जबडा धरताना दुसरा हात पोटाखाली द्यायचा, फोटोच्या भानगडीत न पडता गळ काढायचा आणि जिथे धरला तिथेच सोडायचा. बोटीने लांब नेऊन सोडलात, तर तो परतेपर्यंत खळगा रिकामा झालेला असतो.