न हलणारा, तरीही वाहत जाणारा: हिमनग

(दृश्य: वेंगुर्ले, डच वखारीच्या पडक्या भिंती)

17व्या शतकात ही वखार चालवणाऱ्या डचांच्या भाषेतून ‘आइसबर्ग’ आला. डचमधला ‘बेर्ख’ म्हणजे डोंगर. इंग्रजीने बर्फासाठी आपला शब्द लावला आणि डोंगर तसाच ठेवला. त्याआधी इंग्रज दर्यावर्दी ‘बर्फाचं बेट’ म्हणत. कॅप्टन कूकच्या रोजनिशीतही तेच आहे. सुरुवातीला तर समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनदीलाही आइसबर्ग म्हटलं जाई.

मराठीत ‘हिमनग’. नग म्हणजे जो जात नाही, हलत नाही तो, म्हणून पर्वत. हिमालय नगाधिराज, त्यातला हा नग. ‘बर्फाचे दोन नग द्या’ मधला नव्हे. गंमत अशी की हिमनग मात्र प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जातो.

(दृश्य: हर्णै बंदर, बर्फाच्या लाद्या)

आपल्या किनाऱ्यावरून हिमनग दिसायचा नाही, पण त्याचं गणित बादलीत मांडता येतं. रुंद पातेल्यात 9 सेंटीमीटर गोडं पाणी ओतून आतपर्यंत गोठवा. बर्फ फुगून साधारण 10 सेंटीमीटर होतो. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणून तो तरंगतो. आता समुद्राच्या पाण्यात सोडा: जेमतेम 1 सेंटीमीटर वर राहतो. घनमीटरभर बर्फ 917 किलो, तेवढंच समुद्राचं पाणी सुमारे 1025 किलो. नऊ दशांश भाग बुडतो तो यामुळे. पाणी पावसाळ्यात खाडीतून घेऊ नका. ते गोडसर असतं, बर्फ आणखी खाली बसतो आणि माप चुकतं.

‘हिमनगाचं टोक’ हा वाक्प्रचार याच मापावर उभा आहे. उघडकीस आलेली चार प्रकरणं हे टोक, कारण तशीच कितीतरी अजून दडलेली आहेत. ‘यशाच्या हिमनगाचं टोक गाठलं’ असं लिहिणं मात्र चूक. तिथे शिखर हवं.

आणि चित्रं काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उंच सुळका वर, लांबलचक मूळ खाली, असं चित्र सगळीकडे छापलेलं असतं. अरुंद, उंच डब्यात गोठवलेला बर्फ बादलीत उभा करून बघा.

(दृश्य, अगदी जवळून: बर्फ डोलतो, कलतो, आडवा होतो)

हात सोडताच तो आडवा झाला. मोठा लांबट हिमनगही असाच कुशीवर पडून तरंगतो.