26 फुटांची पट्टी

(दृश्य: बर्कली. बँक्रॉफ्ट वे आणि टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूचा चौक, विटांचा फुटपाथ.)

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दक्षिण दारातली ही 26 फुटांची पट्टी. 1964 च्या 'फ्री स्पीच' म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या विद्यार्थी चळवळीची ठिणगी इथं पडली. आवारात राजकारणाला बंदी, म्हणून विद्यार्थ्यांची टेबलं इथं लागायची. पत्रकं, वर्गणीचे डबे, मोर्चासाठी नावनोंदणी, सगळं इथंच. जागा शहराची आहे, असा सगळ्यांचा समज होता. 14 सप्टेंबर 1964 ला डीन कॅथरिन टाउल यांचं पत्र आलं: जागा विद्यापीठाची आहे, टेबलं चालणार नाहीत.

वेळ अगदी वाईट निवडली होती. बरेच विद्यार्थी नागरी हक्कांच्या चळवळीत मुरलेले होते. मारिओ सॅव्हिओ तर नुकताच मिसिसिपीतून, कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीचं काम करून परतला होता. विद्यापीठ थोडं नमलं. माहिती द्या, पण पैसे गोळा करू नका, माणसं जमवू नका. विद्यार्थ्यांना नेमकं तेच तर करायचं होतं. आणि हे फक्त डाव्यांचं दुखणं नव्हतं. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांचा प्रचार करणारे उजवे विद्यार्थीही सुरुवातीला याच आघाडीत होते.

1 ऑक्टोबर. टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्याला पोलिसांनी गाडीत घातलं. गाडीभोवती विद्यार्थी बसले, आणि गाडी 32 तास जागची हलली नाही. वाइनबर्ग आतच. टपाचं व्यासपीठ झालं. वर चढण्याआधी वक्ते बूट काढायचे, टप चेपू नये म्हणून. तरी तो चेपलाच.

इथून मतं फुटतात. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांना हा अन्याय वाटला, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर वाटणं साहजिक होतं. कम्युनिस्ट वक्त्यांवरची जुनी बंदी त्यांच्याच कारकिर्दीत, 1963 मध्ये उठली होती. पण त्याच वर्षी हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी विद्यापीठाची तुलना ज्ञानाच्या उद्योगाशी केली होती. सुमारे 27,000 विद्यार्थ्यांच्या गर्दीत पंच कार्डावरून, म्हणजे संगणकासाठी भोकं पाडलेल्या कार्डावरून, ओळखल्या जाणाऱ्या मुलांना ती तुलना झोंबली. 'घडी घालू नका, फाडू नका' ही कार्डावरची सूचना त्यांनी स्वतःच्याच छातीवर लावली.

नोव्हेंबरात खरी गाठ सापडली. रीजंट्स, म्हणजे विद्यापीठाचं नियामक मंडळ, म्हणालं: कायदेशीर कृतीसाठी जमवाजमव चालेल. बेकायदा कृतीची हाक दिलीत, तर विद्यापीठ शिक्षा करील. वर्णभेदी हॉटेलात ठिय्या देणाऱ्यांच्या दृष्टीनं ही सवलत नव्हतीच. ते म्हणत, कायदा मोडला तर न्यायालय बघेल, डीनचा काय संबंध? बाकी घोषणाबाजी कितीही झाली, तरी भांडण या एका वाक्याचं होतं.

तेवढ्यात विद्यापीठानं सॅव्हिओसह चौघांवर ऑक्टोबरच्या घेरावाबद्दल नवी कारवाई काढली. विझत आलेल्या आंदोलनात ही काडी पडली. 2 डिसेंबरला विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत, स्प्रौल हॉलमध्ये, ठिय्या बसला. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ब्राउन यांच्या हुकमावरून दुसऱ्या दिवशी पहाटे अटका सुरू झाल्या. विद्यार्थी अंग सैल सोडून पडत. एकेकाला उचलायला दोन-तीन पोलीस लागत, मुलांना पायऱ्यांवरून फरपटत खाली आणत. सुमारे 800 अटका उरकायला बारा तासांहून जास्त गेले.

8 डिसेंबरला प्राध्यापकांच्या सिनेटनं 824 विरुद्ध 115 मतांनी ठरवलं: सभेची वेळ, जागा आणि पद्धत यांवर विद्यापीठानं नियम करावेत, भाषणातल्या मजकुरावर नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन सर्ल विद्यार्थ्यांच्या बाजूनं होते. समाजशास्त्रज्ञ नेथन ग्लेझर विरोधात. विद्यापीठ राजकीय कारवायांचा तळ बनेल, ही त्यांची भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण टेबलं उचलायला लावणं हा तिच्यावरचा उपाय नव्हता.

जानेवारी 1965 मध्ये बर्कलीचे हंगामी कुलगुरू मार्टिन मायरसन यांनी टेबलांना परवानगी दिली. स्प्रौल हॉलच्या पायऱ्या ठरावीक वेळी सभांसाठी खुल्या केल्या.

विद्यापीठाच्या भिंतींबाहेर मात्र मत उलटं चाललं होतं. 'बर्कलीतली घाण साफ करू' म्हणत रोनाल्ड रेगन 1966 ची गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले. जानेवारी 1967 मध्ये रीजंट्सनी 14 विरुद्ध 8 मतांनी कर यांना काढलं. विद्यार्थ्यांच्या लेखी ते विद्यापीठ नावाच्या यंत्राचे मुकादम होते. रेगन यांच्या बाजूच्यांचा आरोप होता की ते विद्यार्थ्यांशी फारच मवाळ वागले.